सेमिनारमध्ये विलीनीकरणाची बाजू मांडली म्हणून मार्क कापले, आता काय करू?

डिचोलीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. टीवाय बीए हिस्ट्रीला आहे, उत्तर गोव्यातलं कॉलेज, नाव घेत नाही, समजून घ्या. एका पेपरच्या आयएसएला (अंतर्गत परीक्षेला) सेमिनार होता, मी विषय घेतला १९६७चा जनमत कौल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचं मतदान. हा विषय दर वर्षी कोणीतरी घेतोच आणि सगळे तेच बोलतात, अस्मिता वाचली, विलीनीकरणाविरुद्ध लढलेले जॅक सिक्वेरा, राष्ट्रमत पेपर, १६ जानेवारीचं मतदान, टाळ्या, बसा खाली. मी म्हटलं आपण दुसरी बाजू बघू कारण माझे आजोबा मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे), फुलाला म्हणजे विलीनीकरणाच्या चिन्हाला मत दिलेले, आणि १ लाख ३८ हजार लोकांनी विलीनीकरणाला मत दिलं ते सगळे काय वेडे होते का. फरक होता ३४ हजारांचा फक्त.

तर मी मांडलं की बहुजन समाजाला विलीनीकरण का हवं होतं. भाटकार म्हणजे जमीनदार आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, त्यांचा प्रश्न, गोवा छोटा राहिला तर सत्ता परत त्याच चार घरांत जाणार ही भीती, तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावागावात काढलेल्या मराठी शाळा. आणि शेवटी एक प्रश्न टाकला की जानेवारीत विलीनीकरण नाकारलं आणि मार्चमध्ये त्याच लोकांनी विलीनीकरणवाल्या मगोला ३० पैकी १६ जागा दिल्या, हे कसं काय? विलीनीकरण व्हायला हवं होतं असं मी एकदाही म्हटलं नाही, शपथ.

सरांनी मध्येच थांबवलं. म्हणाले हा गोव्याच्या विरोधातला प्रचार आहे, माझ्या वर्गात चालणार नाही. सर फेसबुकवर भरपूर लिहितात या विषयावर, अस्मिताय दिसाला (१६ जानेवारी) तर दिवसभर पोस्टी, त्यामुळे त्यांचं मत सगळ्यांना पाठ आहे. मार्क आले २० पैकी ९ आणि शेरा एकच, एकांगी. नेटवरून उचललेला निबंध वाचून दाखवणाऱ्या मुलीला १७.

मित्र म्हणतात एका संघटनेकडे देऊ, ते बघून घेतील. एकाने मोबाईलवर रेकॉर्ड पण केलंय सर ओरडले ते. बाबा म्हणतात गप्प बस, डिग्री घे आणि बाहेर पड. मला भांडण नकोय पण गप्प बसायचं पण नाहीये. वर्गात बोलायचं स्वातंत्र्य असं काही असतं की नाही विद्यार्थ्याला?

पेडणेकर_९१

अरे बाबा हे जुनंच दुखणं, फक्त पार्टी बदलते. आमच्या वेळी उलट होतं. आमचे एक सर कट्टर मराठीवादी, कोकणीला राजभाषा करणाऱ्या ८७च्या कायद्याचं नाव काढलं की कान लाल. कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून कोणी उत्तरात लिहिलं तर पेपरावर लाल पेनाने एवढं मोठं प्रश्नचिन्ह. आम्ही काय करायचो, परीक्षेत त्यांना हवं ते लिहायचो आणि कँटीनमध्ये आपलं खरं मत. तीन वर्षं अशीच काढली आणि इतिहास नावाला पण शिकलो नाही, सरांचा मूड ओळखायला शिकलो.

सांगायचं एवढंच की टीव्हीवर डावे-उजवे, जेएनयू वगैरे बघून लोकांना वाटतं पक्षपात म्हणजे तेवढाच. आपल्याकडे तो भाषेचा आहे, चर्च-देवळाचा आहे, भाटकाराचा आहे, खाणीचा पण आहे. खाण पट्ट्यातल्या कॉलेजात मायनिंगच्या विरोधात प्रोजेक्ट करून बघा, अर्ध्या वर्गाच्या घरी ट्रक.

तू पहिलं काम कर, सरांकडे जा आणि विचार ९ कसे झाले. तोंडी नको, लिहून. ईमेल कर.

खरो_गोंयकार

विलीनीकरण हवं असेल तर महाराष्ट्रात जा ना, बस आहे पणजीहून. सरांनी बरोबर केलं.

पेडणेकर_९१

@खरो_गोंयकार बघा, हे पण मराठीतच टाईप केलंत. जाऊदे. पोराने विलीनीकरण मागितलेलं नाही, लोकांनी का मागितलं ते विचारलंय, परत वाचा.

फोंड्याची_बाई

मी कॉलेजात शिकवते, लेक्चर बेसिसवर, म्हणजे पुढच्या जूनला असेन की नाही ते देवाला माहीत. दोन्ही बाजूचं सांगते, राग मानू नकोस.

तुझ्या सरांनी मध्येच थांबवलं ते चूक. शंभर टक्के. विद्यार्थी बोलत असताना थांबवायचं ते वेळ संपली तर किंवा कोणाला शिवी दिली तर. प्रचार वाटला तर सेमिनार संपल्यावर प्रश्न विचारायचे, सोलून काढायचं, तो हक्क शिक्षकाचा आहेच आणि कामही तेच आहे.

पण "एकांगी" हा शेरा खोटाच असेल असं नाही हां. मला सांग, तू राष्ट्रमत उघडून बघितलास का? विलीनीकरणाच्या विरोधातला सगळ्यात धारदार प्रचार मराठी पेपरातून झाला, उदय भेंब्रेंचं ब्रह्मास्त्र सदर मराठीत होतं, म्हणजे मराठी वाचणारे सगळे विलीनीकरणवाले हे गणित तिथेच मोडतं. बहुजन समाजातल्यांनीही दोन पानांवर, म्हणजे विरोधाच्या चिन्हावर, शिक्का मारला, नाहीतर आकडा जुळतच नाही. हे तुझ्या मांडणीत होतं का? नसेल तर मी पण मार्क कापले असते, ९ दिले नसते पण कापले असते. मार्चच्या निवडणुकीचा प्रश्न मात्र मस्त आहे, तो मी चोरणार आहे.

मी सेमिनारला एक कागद ठेवते समोर, चार रकाने, प्रत्येकी पाच मार्क. साधनं कुठली वापरली, मांडणी सुसंगत आहे का, विरोधी बाजूचा सगळ्यात ताकदीचा मुद्दा घेतला का, आणि प्रश्नांना उत्तरं कशी दिली. तिसरा रकाना सगळ्यांना लागू, ज्याचं मत मला पटतं त्याला सुद्धा, किंबहुना त्यालाच जास्त कारण तो सैल सोडतो. कागद आठवडाभर आधी ग्रुपवर टाकते. एकदा एका मुलाने बोट ठेवून दाखवलं की मॅडम तिसऱ्या रकान्यात तिला पाच आणि मला दोन, का? आणि मला कारण सांगावं लागलं, ते सुद्धा सगळ्यांसमोर. बरंच झालं. तुझ्या सरांकडे असा कागद आहे का ते विचार. नसेल तर भांडण तिथे आहे, त्यांच्या फेसबुकवर नाही.

आता रेकॉर्डिंग. प्लीज नको. खरंच हात जोडून सांगते. वर्गातली क्लिप संघटनेच्या ग्रुपवर गेली की पुढे काय होतं ते मी स्टाफरूममध्ये बघितलंय. आमच्या एका सहकारी बाईंनी एका धार्मिक प्रथेबद्दल सिलॅबसमध्येच असलेलं वाक्य वाचलं, चाळीस सेकंदांची क्लिप फिरली, दुसऱ्या दिवशी गेटवर वीस माणसं, त्यातला एकही विद्यार्थी नाही. मॅनेजमेंटने माफीनामा लिहून घेतला. तेव्हापासून आम्ही सगळेच तो टॉपिक "सेल्फ स्टडी" म्हणून देतो. मी सुद्धा. वर्गात वीस फोन असतात आणि माझी नोकरी दहा महिन्यांची. तुझ्या सरांनी तुझं तोंड बंद केलं हे खरंय, पण क्लिप बाहेर गेली की वर्गातल्या सगळ्यांचं तोंड बंद होतं, शिक्षकाचं सगळ्यात आधी.

साळगावचा_बुद्धिवंत

सगळे प्रोफेसर डावे आहेत, सिलॅबस डावा आहे, हे सगळं ठरवून चाललंय. एवढंच.

फोंड्याची_बाई

@साळगावचा_बुद्धिवंत भाऊ, या सरांचं डावं-उजवं काय ते पोस्टमध्ये कुठेच नाही.

म्हापशाचा_वकील

कायद्याचं थोडं सांगतो, सल्ला समजू नका, कॉलेजचे कागद बघितल्याशिवाय कोणी वकील नीट सांगणार नाही.

कलम १९(१)(अ) चं भाषणस्वातंत्र्य आहे ते सरकारविरुद्ध. तुझं कॉलेज सरकारी असेल तर थेट लागू, खाजगी एडेड असेल तर वाद घालावा लागतो. पण तिथे जायचंच कशाला. हायकोर्ट मार्क वाढवून देत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८४ला महाराष्ट्र बोर्डाच्या केसमध्येच सांगून ठेवलंय की मूल्यमापन शिक्षणतज्ज्ञांचं काम, कोर्टाने त्यात आपलं डोकं घालू नये.

तुझ्या कामाची गोष्ट वेगळी आहे. यूजीसीचे २०२३चे तक्रार निवारणाचे नियम आहेत, प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच पाहिजे आणि त्यात विद्यार्थ्यांचा प्रतिनिधीही असतो. मूल्यमापनात अपारदर्शक किंवा अन्यायकारक पद्धत वापरणं ही त्या नियमांत तक्रार म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत रिपोर्ट द्यायचा, नाही पटला तर १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील, तिथे ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न. पण बारीक अक्षरात हे पण आहे की लोकपाल नुसत्या फेरतपासणीचा अर्ज घेत नाही, निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. म्हणून तक्रारीत "मला ९ दिले" असं लिहू नको, "मला बोलू न देता थांबवलं, निकष आधी सांगितले नव्हते, शेऱ्याला कारण नाही" असं लिही. सेमिनारसोबत लेखी रिपोर्ट दिला होतास का? दिला असशील तर तपासलेली प्रत माग. नाही दिली तर आरटीआय, उत्तरपत्रिका बघायचा हक्क २०११लाच सुप्रीम कोर्टाने मान्य केलाय.

रेकॉर्डिंगबद्दल बाईंशी सहमत, कारण मात्र माझं वेगळं. अशी क्लिप बाहेर गेली की कोणीतरी भावना दुखावल्याची तक्रार घेऊन पोलीस स्टेशनला जातोच. आधी आयपीसीची १५३-अ आणि २९५-अ कलमं होती, १ जुलै २०२४पासून नव्या भारतीय न्याय संहितेत १९६ आणि २९९. मग तुझ्या मार्कांचा विषय संपला, तू साक्षीदार, आणि तारखा कधी लागतील ते सांगता येत नाही. त्या मित्राला सांग क्लिप पुढे पाठवू नको म्हणून, आणि डिलीटही करायला लावू नको, समितीने मागितली तर उपयोगी पडेल.

आणि सरांचं फेसबुक विसर. सरकारी कॉलेजातल्या माणसाला १९६४च्या आचारनियमांत पक्षाचं सदस्य होता येत नाही, नियम ९ प्रमाणे सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही, पण साठ वर्षांपूर्वीच्या कौलावर मत असायला कोणाची हरकत असणार. ते मत आहे म्हणून तक्रार केलीस तर तू हरशील आणि हरायलाही हवंस.

मडगावचे_भाऊ

वय ६७. तुम्ही सगळे तटस्थ शिक्षक शोधताय, मला त्याचं नवल वाटतं. आम्हाला इकॉनॉमिक्सला जे सर होते ते उघड समाजवादी, वर्गात येऊन राममनोहर लोहियांचं नाव घेतल्याशिवाय हजेरी घेत नसत. १८ जून ४६ला लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले तेव्हा पोर्तुगीजांच्या राज्यात लग्नाच्या पत्रिकेवर सुद्धा सेन्सॉरचा शिक्का लागायचा, हे आम्ही घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं, पण बोलणं बंद झालं की समाजाचं काय होतं ते या सरांनी समजावलं. आणि सगळ्यात जास्त मार्क कोणाला? आमच्या वर्गात एका भाटकाराचा मुलगा होता, कूळ कायद्याच्या विरोधात बोलायचा, आकडे घेऊन यायचा, सरांना घाम फोडायचा. पहिला तोच आला. सर म्हणाले याने मला रात्री पुस्तकं उघडायला लावली.

७८-७९ला बसच्या अर्ध्या तिकिटाचं विद्यार्थ्यांचं आंदोलन झालं तेव्हा अर्धे शिक्षक आमच्या बाजूने, अर्धे विरोधात, वर्गात उघड वाद, कोणाला काही झालं नाही. आता बघतो तर नातीच्या कॉलेजात सगळे कसे गोड गोड, इव्हेंट, फेस्ट, आणि मत विचारलं की "नो कमेंट्स अंकल". मला सांगा, मत लपवणारा मास्तर बरा की सांगून टाकणारा? सांगून टाकला तर निदान पोराला कळतं कुठून बोलतोय.

तुझे सर मत असल्यामुळे नाही चुकले. समोरच्याचं ऐकायची हिंमत नव्हती म्हणून चुकले.

स्विंडनहून_कुडचडेकर

भाऊंशी थोडा वाद घालतो. मी इथे इंग्लंडमध्ये नोकरी करून पार्ट टाइम मास्टर्स करतोय, त्यामुळे हा विषय रोजचाच.

भाऊ, तुमचे सर मोठे होते म्हणून जमलं. सगळे तसे नसतात, आणि नियम मोठ्या माणसांसाठी करायचे नसतात. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१७ला म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांसमोर भाषण दिलं होतं, त्यात हाच मुद्दा आहे. सभेत बोलताना माणूस बाजू घेतो, घ्यावीच, कारण समोरचे ओरडून विरोध करू शकतात. वर्गात विद्यार्थी गप्प बसलेले असतात, त्यांना कोर्स पास व्हायचाय, उलट बोलायची सोय नाही, तिथे आपलं राजकारण त्यांच्या गळी उतरवणं बेजबाबदारपणा. आणि पुढे तो म्हणतो की शिक्षकाचं पहिलं काम म्हणजे विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या पक्षाला गैरसोयीची असलेली तथ्यं बघायला शिकवणं. आता बघा, या पोराने मार्च ६७ची निवडणूक वर्गासमोर ठेवली, कोणासाठी गैरसोयीची होती ती? सरांसाठी. आणि बाईंनी राष्ट्रमत काढला तो पोरासाठी गैरसोयीचा. वर्ग यासाठीच असतो ना.

गंमत म्हणजे त्याच १९६७ साली शिकागो विद्यापीठात कॅल्व्हन समितीचा रिपोर्ट आला. व्हिएतनामचा काळ, विद्यार्थी मागत होते की विद्यापीठाने भूमिका घ्यावी. समिती म्हणाली टीका करणारे विद्यापीठात राहतील, त्यांना विद्यापीठ सांभाळेल, पण विद्यापीठ स्वतः टीकाकार होणार नाही, कारण ते झालं की वेगळ्या मताच्या माणसाला आत जागाच उरत नाही. म्हणजे भूमिका माणसाची, संस्थेची नाही. आपल्याकडे नेमकं उलटं, माणूस भूमिका घ्यायला घाबरतो आणि कॉलेजच्या गेटवर मात्र कोणत्या ना कोणत्या नेत्याचा शुभेच्छांचा बॅनर.

इथे ब्रिटनमध्ये तर २०२३ला खास कायदाच केला विद्यापीठातल्या भाषणस्वातंत्र्यासाठी, मग सरकार बदललं, तो थांबवला, मग काही भाग ऑगस्ट २०२५पासून लागू झाला. फायदा होईल का माहीत नाही, मला तरी आतापर्यंत फॉर्मच जास्त दिसले. वक्ता बोलवायचा तर फॉर्म, पोस्टर लावायचं तर फॉर्म. सेमिनार रूममध्ये ट्यूटर कसा वागतो ते कुठल्या फॉर्ममध्ये येणार.

मडगावचे_भाऊ

@स्विंडनहून_कुडचडेकर वेबर बरोबर असेल रे, पण तो जर्मनीचा. आमच्याकडे विद्यार्थी गप्प बसतो तो घरात पण गप्पच बसतो. त्याला बोलतं करायला कोणीतरी आधी चिथवावं लागतं. आणि ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात समाजशास्त्रांच्या महाशाळेला आपण गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबींचं नाव दिलंय. तो माणूस उघड मार्क्सवादी, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १६ वर्षं होता, अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा घ्या म्हणून सांगत राहिला, ६२ला करार पुढे वाढवला नाही त्यांनी. नाव द्यायला बरा, नोकरीत नको.

स्विंडनहून_कुडचडेकर

हा मुद्दा मान्य. पण भाऊ, कोसंबी गणित शिकवताना मार्क्स बघून मार्क देत असतील असं नाही वाटत.

डिचोलीचा_पोरगा

सगळ्यांना देव बरें करूं, एवढं लिहाल वाटलं नव्हतं.

लेखी रिपोर्ट दिलाय, १४ पानांचा. राष्ट्रमत बघितलेला नाही, एका पुस्तकात उतारे होते तेवढे घेतले, पण ब्रह्मास्त्रचा उल्लेख आहे, पान ६वर. भाटकार-मुंडकाराच्या भागात १९६४चा कूळ कायदा आणि ७५चा मुंडकार कायदा दोन्ही टाकलेत, की विलीनीकरण न होता पण हे कायदे झालेच, म्हणजे ती भीती पूर्ण खरी ठरली नाही असं मीच लिहिलंय. विरोधी बाजूच की ही! सरांनी थांबवलं तेव्हा तिथपर्यंत पोचलोच नव्हतो. रिपोर्ट वाचला असता तर कळलं असतं.

मित्राला क्लिप पाठवू नको म्हणून सांगितलं, तो चिडलाय, म्हणतो तू घाबरलास. ईमेल लिहितोय. "मला बोलू दिलं नाही" ने सुरू करू की निकषांनी? आणि बाबांना काय सांगू, ते म्हणतायत सर पुढच्या सेमला पण आहेत.

म्हापशाचा_वकील

निकषांनी सुरू कर. भाषा एकदम थंड. "आदरणीय सर, माझ्या सेमिनारचं मूल्यमापन कोणत्या निकषांवर झालं आणि प्रत्येकाला किती गुण हे कळवावं, तसंच तपासलेला लेखी रिपोर्ट बघायला मिळावा ही विनंती." बस. थांबवल्याचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदात, एका वाक्यात, तारखेसकट, आणि पान ६ व कायद्यांचा भाग प्रेझेंटेशनमध्ये राहून गेला हे त्यालाच जोडून. संघटना, फेसबुक, त्या मुलीचे १७, यातलं काही नको. विभागप्रमुखांना सीसी. आठवडाभर वाट बघ, मग समिती.

बाबांना सांग की पुढच्या सेमला सर आहेत म्हणूनच लेखी करतोय. कागद असला की माणूस दुसऱ्यांदा मार्क देताना विचार करतो.

फोंड्याची_बाई

आणि ईमेलचं उत्तर येईपर्यंत मोकळा बसू नको. पाटोच्या कृष्णदास शामा लायब्ररीत जा, जुन्या पेपरांचं विचार, डिसेंबर ६६ आणि जानेवारी ६७चे गोमन्तक (विलीनीकरणाच्या बाजूचा) आणि राष्ट्रमत काय मिळतं ते माग. दोन्ही शेजारी ठेवून वाच, एकाच दिवसाचे. समितीसमोर गेलास तर सर राष्ट्रमतवरच धरतील तुला, मी असते तर धरलं असतं.

खरो_गोंयकार

बरं, मार्चच्या निवडणुकीचं खरं आहे का ते? १६ जागा?

पेडणेकर_९१

@खरो_गोंयकार खरं आहे. भाऊसाहेबांनी कौलाआधी राजीनामा दिला होता, मार्चच्या निवडणुकीनंतर परत मुख्यमंत्री. का ते पोरगा सांगणार होता, सरांनी थांबवलं.

डिचोलीचा_पोरगा

ईमेल पाठवला. @फोंड्याची_बाई मॅडम लायब्ररीत आयडी कार्ड चालतं ना कॉलेजचं, की मेंबर व्हावं लागतं पेपर बघायला?

फोंड्याची_बाई

कॉलेजचं कार्ड घेऊन जा, आधार पण ठेव बरोबर. आणि जेवून जा, एकदा बसलास की उठणार नाहीस.